कन्नडकातला शेवटचा 'क'

छप्पन साली आम्ही जागचे हललो नाही, पण राज्य बदललं. झोपलो मुंबई राज्यात आणि उठलो म्हैसूर राज्यात. अंगणातला नळ तेवढा दोन्ही राज्यांत सारखाच कोरडा होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, धारवाडच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीत एकच भीती घातली. आता कुठेही जा, पहिला प्रश्न कन्नडचाच येणार. कधीपासून येतं, घरात कोणाकोणाला येतं, सगळं विचारणार. आपण मराठी माणसं, तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

माझी पाळी त्यानंतर चार-पाच वर्षांनी आली. तेव्हा मेडिकलची सीट नुसत्या मार्कांवर मिळत नसे. इंटरव्ह्यू होत असे आणि त्याचे मार्क वेगळे असत. म्हणजे दोन वर्षं घासून जे मिळवलं ते दहा मिनिटांत घालवण्याची सोय सरकारने करून ठेवली होती. मला डॉक्टर व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. का, हे त्या सगळ्या प्रकरणात मला कोणीच विचारलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही. सीट मिळाली नाही तर काय, ते मात्र ठरलेलं होतं. आईने बेळगावचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि त्या लोकांना फार दम नव्हता.

इंटरव्ह्यूचं पत्र आलं आणि घरात अभ्यासाची नव्हे, चष्म्याची चर्चा सुरू झाली. मला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. काळी फ्रेम, सुभाष रोडवरच्या दुकानात मिळणाऱ्यांतली सगळ्यात मजबूत, कारण मी आधीच्या दोन मोडल्या होत्या. हा चष्मा घालून आत जायचं की काढून?

आईचं मत स्वच्छ होतं. काढून. तिच्या लेखी टेबलापलीकडे चार पुरुष बसून मुलीला प्रश्न विचारतात, या प्रकाराला एकच नाव होतं आणि त्यात चष्मा घालून बसत नाहीत. अप्पांच्या मते घालूनच जायचं, कारण चष्म्याने माणूस अभ्यासू दिसतो. "अप्पा, मी अभ्यासूच आहे," मी म्हटलं. "असशील. दिसायला पाहिजे," अप्पा म्हणाले. मोठा भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो, त्याला वेगळीच काळजी होती. तो म्हणाला, "पेशंट म्हणेल, बाईंनाच दिसत नाही, त्या माझं काय बघणार?" अण्णा स्वतः दोनदा इंटरला आपटला होता, त्यामुळे सल्ला द्यायला त्याला भरपूर वेळ होता.

शेवटी शेजारचे वकीलकाका पंच म्हणून आले. त्यांनी निवाडा दिला की चष्मा घालायचा, पण कामाला लावायचा. अवघड प्रश्न आला की घाई करायची नाही. शांतपणे चष्मा काढायचा, पदराने पुसायचा, परत घालायचा आणि मग बोलायचं. समोरच्याला वाटतं, माणूस विचार करतोय. "माझी अर्धी वकिली यावर चालली," ते म्हणाले, आणि त्यांची वकिली जशी चालली होती ती पाहता हे अर्धं खरं असावं. मग दोन संध्याकाळी माझ्याकडून चष्मा पुसण्याची तालीम करून घेतली गेली. प्राणिशास्त्राचं पुस्तक कोनाड्यात पडून राहिलं.

इंटरव्ह्यू हुबळीला होता. निघताना आईने देवाला नमस्कार करायला लावला आणि तेवढ्यात माझा चष्मा काढून पर्समध्ये टाकला. "आत गेल्यावर काय ते बघ, निदान जाताना तरी चांगली दिस," ती म्हणाली. मी तशीच गेले. त्या इमारतीच्या व्हरांड्यात पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ दाराशी उभे दिसले. मी दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, पाठ केलेल्या इंग्रजीत त्यांना सुप्रभात चिंतिलं. ते शिपाई निघाले. बिचाऱ्याने गंभीरपणे नमस्कार घेतला आणि म्हणाला, "अक्का, चसमा इद्दर हाकोरी." म्हणजे, ताई, चष्मा असेल तर घाला. घरच्या चार शहाण्यांचा वाद तिथे मिटला. मी चष्मा घातला.

आत तिघे होते. मध्ये अध्यक्ष बसले होते. ते म्हैसूरकडून बदलून आलेले मोठे अधिकारी होते, गोरे, नीटनेटके, आणि त्यांचं कन्नड इतकं मऊ की प्रत्येक शब्द पुस्तकातून काढून इस्त्री केल्यासारखा. त्यांच्या उजवीकडे आमच्याच भागातले एक सर्जन. ते मेडिकल कॉलेजात शिकवत आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जाई. तिसरे एक वयस्कर प्राध्यापक होते. ते चहाची वाट बघत होते आणि शेवटपर्यंत तेवढंच करत राहिले.

नाव, वडिलांचा हुद्दा झाला. मग अध्यक्षांनी इंग्रजीत म्हैसूर राज्यातल्या नद्या विचारल्या. डॉक्टरला नद्यांशी काय करायचं असतं देव जाणे. पण आम्ही शाळेत भूगोल शिकलो तो मुंबई राज्याचा! तापी, साबरमती मला उगमापासून मुखापर्यंत पाठ होत्या. कृष्णा झाली, तुंगभद्रा झाली, कावेरी झाली आणि मी अडकले. वकीलकाका आठवले. शांतपणे चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

या युक्तीने पुढचा घोटाळा झाला. अध्यक्ष माझ्या भिंगांकडे पाहत राहिले आणि समोरच्या कागदाकडे वळून आपल्या मऊ कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "कन्नडक यावागिनिंद?"

आता हे सांगायला हवं. म्हैसूरकडच्या कन्नडमध्ये चष्म्याला 'कन्नडक' म्हणतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं, कारण मी कन्नड शिकले ते भाजीवाल्या बायकांकडून आणि गल्लीतल्या पोरींकडून, आणि आमच्याकडे सगळे, अस्सल कन्नड माणसंसुद्धा, 'चसमा' म्हणत, नाहीतर 'चाळीस'. त्यात त्यांनी शेवटचा 'क' इतका हळू सोडला की तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला ऐकू आलं, "कन्नड कधीपासून?" आला, मी मनात म्हटलं, अप्पांचा प्रश्न आला!

"सण्णाकि इद्दागिंद्री," मी ठणकावून सांगितलं. लहान असल्यापासून.

"मनेयल्लि एल्लरिगू इदेये?" घरात सगळ्यांना आहे का?

"अप्पांग ऐतिरी. अव्वग स्वल्प कडिमि." वडिलांना आहे, आईला थोडं कमी.

अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली. घराण्यातच आहे म्हणायचं, असा काहीसा त्यांचा चेहरा झाला. मला वाटलं, खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "तेगेदरे एनागुत्तदे?" काढून टाकलं तर काय होईल?

माझे कान तापले. राज्यातून कन्नड काढून टाकलं तर? हा सरळ सरळ सापळा होता. मराठी मुलगी काय म्हणते ते बघायचं होतं यांना! मी खुर्चीत ताठ झाले आणि भाषणच ठोकलं. "तेगीबारद्री सर! अद इल्लद ई राज्यदाग ओंद हेज्जिनू इडाक आगूदिल्ल!" काढता कामा नये, त्याच्याशिवाय या राज्यात एक पाऊलसुद्धा टाकता येणार नाही.

अध्यक्षांचं पेन थांबलं. "एक पाऊलसुद्धा नाही?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, एकसुद्धा नाही. त्यांनी सर्जनकडे वळून इंग्रजीत, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हटलं, "मुलगी जवळजवळ आंधळी आहे. हिच्या हातात सुरी कशी द्यायची?" कन्नडचा आणि सुरीचा काय संबंध, ते मला कळेना. एवढंच कळलं की सीट चालली. माझ्या पाचावर धारण बसली आणि मला बेळगावचं ते स्थळ चष्म्याशिवाय स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात सर्जनना हसू फुटलं. टेबलावर हात आपटून ते कन्नडमध्येच म्हणाले, "सर, ही पोरगी चष्म्याबद्दल नाही, कन्नड भाषेबद्दल बोलतेय! तुमचं ते 'कन्नडक' हिला कळलंच नाही."

अध्यक्ष हसले नाहीत. अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "चष्म्याला काय म्हणतात हे ज्याला माहीत नाही, त्याला लहानपणापासून कन्नड येतं ते कसलं?"

इथे सर्जनांचं हसू मावळलं. "कसलं म्हणजे? आम्ही चसमाच म्हणतो. माझी आई चाळीस म्हणते. तिला कन्नड येत नाही म्हणता?" अध्यक्ष म्हणाले, हे शब्द कन्नड नाहीतच, उर्दू-मराठीतून घुसलेले आहेत. सर्जन म्हणाले, मग तुम्ही टेबलाला मेजु म्हणता ते कुठून घुसलं? अध्यक्ष म्हणाले, या भागाचं कन्नड जरा रांगडंच. सर्जन उभे राहिले. राज्य एक झालं होतं ते या दोघांसाठीच, आणि दोघांना एकमेकांच्या तोंडची भाषा सोसवत नव्हती. मी दोघांच्या मध्ये जाड चष्मा घालून बसले होते आणि दोघांनाही मी दिसत नव्हते. प्राध्यापकांनी तेवढ्यात चहाबद्दल विचारलं. मग कोणीतरी माझ्याकडे न बघताच "जा" म्हणालं.

घरी मी सगळं सांगितलं. आईने कपाळाला हात लावला, "तरी सांगत होते, काढ." अप्पांना माझं भाषण फार आवडलं, ते त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. मग काय विचारता! अप्पांनी कचेरीत सांगितलं की पोरीने कन्नडमध्ये भाषण करून सीट आणली. वकीलकाकांनी पुसण्याचं श्रेय घेतलं. आईचं म्हणणं, डोळ्यांकडे बघून दया आली असेल. मी अभ्यास केला होता ही शक्यता कोणाच्याच डोक्यात आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती मोठ्याने बोलायची लाज वाटली.

कॉलेजात ते सर्जन आम्हाला शिकवायला होते. पहिल्याच भेटीत त्यांनी हाक मारली, "ए कन्नडक!" आणि ते नाव सगळ्या बॅचने उचललं. एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही माझ्यात काय पाहिलंत?" काहीतरी बरं ऐकायला मिळेल अशी माझी आशा होती.

"तुझ्यात?" ते मोकळेपणी म्हणाले. "तुझ्यात काय बघायचंय? तो माणूस तुला शून्य देणार होता. म्हणून मी पैकीच्या पैकी दिले. तुझ्या जागी रिकामी खुर्ची असती तरी दिले असते."

ते हसले, मीही हसले. पण मला फार लागलं. घरी येऊन रडले, आणि रडून झाल्यावर राग आला तो गेलाच नाही. सगळा अभ्यास मी त्या रागावर केला. लोक म्हणायचे, काय जिद्द आहे मुलीची! जिद्द कसली, अपमान होता तो.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तेच समोर आले. त्यांनी मला नद्या विचारल्या नाहीत, घरात कोणाला काय येतं हेही विचारलं नाही. पोट दुखतंय म्हणून आलेला पेशंट समोर ठेवला आणि एकामागून एक प्रश्न टाकत राहिले. एकही सोपा नव्हता. मी त्यांच्याकडे न बघता पेशंटकडे बघून उत्तरं दिली, आणि एका ठिकाणी त्यांचं म्हणणं चुकतंय असं वाटलं तेव्हा तसं सांगितलं. त्यांनी पेशंटच्या पोटावर पुन्हा हात ठेवला, थोडा वेळ दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

मी उठले. ते म्हणाले, "आत्ता ही सीट तुझी झाली बघ."

"सर," मी म्हटलं, "सीट पहिल्या दिवसापासून माझीच होती. तुम्हाला आज दिसली."