पाठ सांभाळणारी खुर्ची

तो तपास आजही माझ्या मनातून गेलेला नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेण पोलीस ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि ठाण्याच्या दारात एक बाई बराच वेळ घुटमळत होती. आत येत नव्हती, जातही नव्हती. अशी माणसं बहुधा खरं सांगायला आलेली असतात. मी हवालदाराला तिला आत आणायला सांगितलं.

ती रोह्याहून एसटीने आली होती. माहेर धरमतरकडचं, नवरा रोह्याजवळच्या एका कारखान्यात कामाला. सात वर्षांच्या मुलीला जन्मापासून मान आणि पाठ सावरता येत नव्हती. डॉक्टरांनी तिच्यासाठी खास चाकाची खुर्ची लिहून दिली होती. मूल वाढेल तशी लहानमोठी करता येणारी, मानेला, कमरेला आणि दोन्ही बाजूंना आधार असलेली. कारखान्याच्या वैद्यकीय योजनेतून ती मंजूर झाली आणि पेणमधल्या एका दुकानदाराने घरी पोचवली.

"दोन दिस पोरगी सरळ बसली, साहेब," बाई म्हणाली. "आपल्या हातानं भात खाल्लान. मग दुकानवाल्यानं फोटो काढला, फिटिंगला नेतो म्हणून खुर्ची घेऊन गेला. आणली ती दुसरीच, दवाखान्यात असते तशी साधी. माझी बाय तिच्यातनं खाली घसरते. एका अंगावर वाकडी होते. डॉक्टर बोलतात, पाठ अशीच वाकली तर छातीवर दाब येल."

"नवरा का नाही आला?"

"त्याला ठावं नाय मी आलेय. खुर्ची मिळाली म्हणून त्यानंच सही केलीय. आता खोटी सही केली म्हणून नोकरी गेली तर?"

ती सही खरोखरच त्याच्या विरोधात जात होती. जबाब लिहून घेताना माझंही मन खात होतं.

दुकानदाराला बोलावलं. तो फाईल घेऊनच आला. डॉक्टरांची चिठ्ठी, कारखान्याची मंजुरी, बिल, वडिलांची सही आणि खास खुर्चीत बसलेल्या मुलीचा फोटो. सगळं जागच्या जागी.

"बाईला समजत नाही, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "आधाराचे भाग सुटे होतात. ते परत लावता आले नाहीत, म्हणून तक्रार करतेय."

क्षणभर मीच डगमगलो. पण दुसऱ्या मुलांना दिलेल्या खुर्च्यांच्या फायली मागितल्यावर तो घोटाळला. हवालदाराला पाठवून त्या आणवल्या. वेगवेगळ्या योजनांतून खुर्ची मंजूर झालेली आणखी तीन मुलं निघाली. चारही फोटो टेबलावर ओळीने मांडले. हवालदाराची हयात चोरीच्या सायकली ओळखण्यात गेलेली. तो वाकून म्हणाला, "साहेब, हा चरा बघा." चारही फोटोंत खुर्चीच्या डाव्या हातावर तोच आडवा चरा होता.

दुकानदाराने पाणी मागितलं. मी ग्लास पुढे केला आणि चारही फोटो त्याच्याकडे वळवले. पाणी पिऊन तो बोलू लागला. खरी खुर्ची एकच होती. फोटो होईपर्यंत घरी ठेवायची, मग साधी देऊन ती उचलायची. बिल मात्र प्रत्येक वेळी खास खुर्चीचं.

"आता कुठे आहे ती?"

"हमरापूरला, या चारांतल्याच एका मुलाकडे. उद्या आणणार होतो."

आम्ही लगेच निघालो. हमरापूरला एका मूर्तिकाराच्या पडवीत नऊ वर्षांचा मुलगा त्या खुर्चीत ताठ बसला होता. पुढ्यातल्या फळीवर मातीचे उंदीर मांडले होते आणि तो एकेकाला रंग लावत होता. खाकी पाहून त्याचा बाप उठला.

"खुर्ची आमचीच हाय ना, साहेब?"

नियमाने ती मुद्देमाल म्हणून जप्त करायची होती. एकदा का ती ठाण्याच्या खोलीत गेली असती, तर खटला संपेपर्यंत बाहेर आली नसती. मी मुलाला न उठवता पंचनामा केला, खुर्चीचा नंबर आणि चरा नोंदवला, फोटो घेतले आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची या अटीवर, सुपुर्दनाम्याने, ती बापाच्या ताब्यात दिली. वरिष्ठ काय म्हणतील, कोर्ट मान्य करेल का, ही धास्ती पुढे कितीतरी दिवस होती. कोर्टाने ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन मी बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे खरी गावली. मग माझ्या बायची?"

मी तिथूनच कारखान्यात गेलो. तिथला अधिकारी म्हणाला, "खुर्ची पाच वर्षांत एकदाच मिळते, आणि आमच्या नोंदीत ती दिलेली आहे." शिवाय खोट्या सहीबद्दल नवऱ्याला नोटीस निघाली. बाईची भीती खरी ठरली होती. मी लेखी कळवलं, पुन्हा पुन्हा पाठपुरावा केला, चार फोटोंच्या प्रती घेऊन स्वतः गेलो. नोटीस मागे घेतली गेली. नवी मंजुरी मात्र पावसाळा सरल्यावरच आली. तोवर मुलीला छाती भरून दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.

खुर्ची आल्यावर मी पाहायला गेलो. मुलीची पाठ एका बाजूला वाकली होती आणि डॉक्टरांनी आधाराच्या गाद्या त्या वाकण्याच्या बेताने बसवून दिल्या होत्या.

"आधी मिळाली असती तर सरळ बसली असती का, साहेब?" आईने विचारलं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं.

दुकानदाराला शिक्षा झाली. आठवड्याच्या आत गुन्हा उघड केला म्हणून मला शाबासकी मिळाली. पण त्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यांत ती मुलगी बसणार कशात, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नव्हता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तक्रारदार समोर बसला की जबाबाचा कागद ओढण्याआधी मी विचारायचो, "तपास संपेपर्यंत तुमचं कसं चालेल?"