शांत गावातली चक्की

‘किती शांत आहे हो तुमचं गाव’ असं माझ्यासमोर कोणी म्हणालं की माझं टाळकं सरकतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मीच छाती फुगवून ‘आहेच मग’ म्हणालो होतो, हे आठवलं की आणखी सरकतं.

आमचं गाव मानोऱ्याच्या बाजूचं. एसटी फाट्यावर थांबते, ड्रायव्हरच्या मनात असलं तर. फाट्याकडच्या अंगाला एक मोठं वावर होतं, त्याचं लेआउट पडलं आणि तिथं पुण्या-नागपूरहून निवृत्त झालेल्या लोकांनी बंगले बांधले. लाल कौलं, पुढं तुळशीवृंदावन, कंपाउंडच्या भिंतीवर बैलगाडीची चाकं. एकानं तर आख्खी रेंगी, म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी, हिरवळीवर उभी करून तिच्यात फुलांच्या कुंड्या मांडल्या. गावात जिचे बैल विकून आठ वर्षं झाली ती रेंगी यानं भंगाराच्या भावात नेली आणि वरून पॉलिश मारलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आपल्या जुन्या वस्तूला कोणी मान देतंय असं वाटलं होतं. काय बोलावं स्वतःला.

हा रेंगीवाला म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला साहेब. बोलायला गोड. शनिवार-रविवार त्याच्याकडं शहरातले पाहुणे राहायला येतात, पैसे देऊन, गाव बघायला. गाव म्हणजे आम्ही.

मी या गावात बत्तीस वर्षं पोस्टमास्तर होतो. माझ्या नोकरीमुळं गावाला एक सवय लागली आणि तीच पुढं नडली. मनीऑर्डर असो, पासबुक असो, मी कागदावर बोट ठेवायचो आणि समोरचा तिथं सही किंवा अंगठा करायचा. कागद कोणी वाचायचं नाही. ज्यांना वाचता यायचं तेसुद्धा नाही. मास्तरानं आणलेला कागद वाचून पाहायचा म्हणजे मास्तरावर संशय घ्यायचा, तोही त्याच्या तोंडावर, असं आमच्याकडं समजतात. निवृत्त झालो तरी हे तसंच राहिलं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू.

मागच्या लग्नसराईत साहेबानं मला चहाला बोलावलं. डीजेचा विषय निघाला. आमच्याकडं वरातीत डीजे लागला की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले नाचतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, हे खरंच आहे. साहेब म्हणाला, ‘आपण ग्रामपंचायतीला अर्ज देऊ. तुमच्या शब्दाला गावात किंमत आहे, सह्या तुम्हीच घ्या.’ दोन कागद टाचलेले. वरचा टाइप केलेला, खालचा सह्यांचा. मी वरचा कागद उलटा दुमडला, पॅडला चिमटा लावला आणि निघालो. मीही वाचला नाही. त्याच्या घरचा चहा पिऊन त्याच्या समोर त्याचाच कागद वाचत बसणं मला बरं दिसलं नाही. गावाची सवय मलाही होतीच की.

दोन दिवस दारोदार फिरलो. बायको म्हणालीसुद्धा, ‘येवढे नोकरीत फिरले असते तं टपाल तरी येळेवर गेलं असतं.’ कोणी ओसरीवर चहा दिला, कोणी ताक दिलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

आमच्या चक्कीवाल्या वहिनीनंही केली. तिचा नवरा माझा शाळेतला दोस्त. तो गेल्यावर पिठाची चक्की तिनं एकटीनं चालवली. माणसं ठेवली नाहीत. दगड घासले की ते उतरवून स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन टाकी लावत, खाचा पुन्हा कोरत बसायची. दुपारी व्होल्टेज पडतं म्हणून पहाट फटफटली की चक्की सुरू करायची आणि बाया कामाला वावरात जायच्या आत सगळ्यांचे डबे मोकळे करायची. त्या चक्कीवर तिचं घर चालत होतं आणि पोरगी वाशिमला नर्सिंग शिकत होती. पोरीचं शेवटचं वर्ष निघेपर्यंत चक्की चालली पाहिजे, एवढंच तिचं गणित होतं. मला ती हे कितीदा सांगायची.

मी गेलो तेव्हा पट्टा फिरत होता. तिनं ओरडून विचारलं, ‘काय होय भाऊजी?’

‘डीजे बंद करायचा अर्ज.’

‘बरं केलं बाप्पा. कुठं करू?’

मी बोट ठेवलं. तिनं पदराला हात पुसून सही केली. तरी कागदावर पिठाचा डाग पडला, तो मी फुंकर मारून उडवला.

पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्या घरी आली. सकाळची वेळ, म्हणजे तिची चक्कीवर असायची वेळ. हातात ग्रामपंचायतीची नोटीस आणि त्या अर्जाची झेरॉक्स. ती बसली नाही. झेरॉक्स माझ्यासमोर धरली आणि सहीवर बोट ठेवलं.

‘हे माहीच सही हाय ना, भाऊजी?’

मी वरचा कागद तेव्हा पहिल्यांदा वाचला. आधी देवळावरचा भोंगा. मग डीजे. आणि त्याखाली, सगळ्यात मोठ्या परिच्छेदात, चक्की. पहाटेपासून होणारी असह्य घरघर, ज्येष्ठ नागरिकांच्या झोपेत व्यत्यय, गावाच्या शांत वातावरणाला बाधा. समस्त ग्रामस्थांची मागणी, की चक्की वस्तीबाहेर हलवावी. आणि समस्त ग्रामस्थ मी गोळा केलेले. तिच्यासकट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुम्ही आलात कुठं राहायला? गावात ना? मग गावात पीठ कुठून येतं असं वाटलं तुम्हाला? तुमच्या पाहुण्यांना मातीच्या ताटलीत गरम भाकर वाढता, फोटो काढता, ती ज्वारी काय आपोआप दळून येत होती? याच चक्कीतून तुमचा गडी डबा घेऊन जात होता. भोंगा आजही चालू आहे, कारण भोंग्यामागं माणसं आहेत. डीजे आजही वाजतो, कारण ज्याच्या पोराचा डीजे आहे तो पंचायतीत बसतो. बंद काय झालं, तर एकट्या बाईची चक्की.

मी म्हणालो, ‘वहिनी, मी पाहतो काय ते.’ ती कागद घेऊन गेली.

ग्रामसेवकाकडं गेलो. तो म्हणाला, ‘मास्तर, सह्या तुम्हीच आणल्या ना? आता मी काय करू?’ मी म्हणालो, फसवणूक झाली. तो म्हणाला, ‘वाचता येत नव्हतं का तुम्हाला?’ पोराच्या वयाचा माणूस मला असं बोलला. दुसरा अर्ज लिहिला, या वेळी माझ्या हातानं, आणि पुन्हा दारोदार गेलो. तेच लोक, त्याच ओसऱ्या.

‘आता एकदा सही देल्ली ना मास्तर, उलटी कशी करता?’

‘सायबासंग माह्या पोराच्या कामाचं बोलणं चालू हाय. मले यात घेऊ नका.’

एक जण तर म्हणाला, ‘पीठ काय, इंझोरीहून बी आनता येते.’ वीस वर्षं ज्या बाईनं त्याच्या घरचं दळलं, पोळ्याला पुरणाच्या पोळ्यांसाठी गव्हाचं पीठ बारीक पाहिजे म्हणून पुन्हा एकदा दगडातून काढून दिलं, तिच्याबद्दल हा असं बोलला. मी त्याला नको ते बोललो. मला त्याचा पस्तावा नाही. नऊ-दहा जणांनी सह्या केल्या, त्या पुरल्या नाहीत. वस्तीबाहेर तिला पाय टेकायला जागा नव्हती. चक्की बंद पडली. गावात सकाळी खरंच शांत वाटायला लागलं. त्या शांततेला मी रोज शिव्या देत उठायचो.

शेवटी साहेबाकडं गेलो. भांडायच्याच तयारीनं. त्यानं मला रेंगीजवळ खुर्ची दिली, चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘अहो, आम्ही काही निर्दयी नाही. त्या बाईंना आम्ही इथंच काम देतो. पाहुण्यांना जात्यावरचं दळण बघायला फार आवडतं. सकाळी दहा वाजता दोन तास बसायचं, ओव्या येत असतील तर उत्तमच. लुगडं आम्ही देऊ.’

मला आधी कळलंच नाही. मग ओसरीवर ठेवलेलं जातं दिसलं. नवंकोरं, वर झेंडूची माळ घातलेली. जिच्या चक्कीचा आवाज यांना सहन झाला नाही तिला लुगडं नेसवून जात्यावर बसवणार, आणि शहरातले लोक चहा पीत तिच्याकडं पाहणार. दळण्यासाठी दळण नाही. पाहण्यासाठी दळण.

‘ती येणार नाही,’ मी म्हणालो.

‘विचारून तर बघा.’

‘विचारायचं काय? तुमच्या दारात ती मरेपर्यंत येणार नाही. तमाशा मांडला का तुम्ही?’

आणखीही बोललो. अर्ज, रेंगी, चाकं, सगळं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या घरचा समोर आलेला चहा न पिता उठलो. येताना पाय जमिनीवर नव्हते. चार महिने साचलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं. तसाच वहिनीकडं गेलो. ती बंद चक्कीच्या उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कसा बोललो, कसा उठलो. मला वाटलं तिला बरं वाटेल.

ती निवडायची थांबली.

‘रोजी किती म्हने तो?’

‘मी विचारलंच नाही.’

‘काहून नाही इचारलं?’

‘वहिनी, अशा कामाची रोजी काय विचारायची? तुले तिथं बाहुलीसारखं बसवणार होते.’

‘दोन घंटे ना? सावलीत?’ ती म्हणाली. ‘भाऊजी, मी आता लोकाच्या वावरात सोयाबीन सोंगाले जातो. उन्हात, दिवसभर. तिथं कोन पाहते मले, अन् कोन नाही पाहत, मले काय करायचं? पोरीचं सात महिन्याचं राह्यलं.’

मी म्हणालो, मला वाटलं तुझा अपमान होईल.

‘अपमान माहा होता ना? मंग मले ठरवू द्याचं होतं.’ आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘आंधी माह्याकून सही घेऊन गेले, मले न सांगता. आता माह्याकून नाही म्हनून आले, मले न इचारता. त्या सायबात अन् तुमच्यात मले फरक सांगा.’

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बंगल्यावर गेली. परत येताना माझ्या दारात थांबली. साहेब म्हणाले, तुमच्या मास्तरांनी तुम्ही येणार नाही असं सांगितलं, म्हणून आम्ही तांड्यावरच्या एका बाईला शब्द दिला. हे तिनं मला सांगितलं, जसं एसटी चुकली ते सांगावं तसं. शेजारची बाई पाणी भरत होती, तिनंही ऐकलं.

माझा राग अजून गेलेला नाही. साहेबावर आहे, पंचायतीवर आहे, इंझोरीचं पीठ खाणाऱ्या सगळ्या गावावर आहे. रविवारी त्या ओसरीवर जात्याभोवती मोबाइल धरून उभे असलेले लोक दिसले की दगड उचलावासा वाटतो. पण या रागातला एक वाटा दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही, तो माझ्या स्वतःवरचा आहे आणि ते मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात कळलं, तांड्यावरची ती बाई ऊसतोडीला जाणार आहे. जागा रिकामी होईल. माझे पाय बंगल्याकडं निघालेच होते. साहेबाचे पाय धरायचीही माझी तयारी होती. मध्येच वळलो आणि वहिनीच्या घरी गेलो. ती वावरातून नुकतीच आली होती, पायावर पाणी घेत होती.

‘वहिनी, ती बाई जाऊन राह्यली. मी साहेबाशी बोलू का तुझ्यासाठी?’

तिनं पाय धुवून घेतले, तांब्या खाली ठेवला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘माहं मी पाहतो काय ते.’

मी घरी परत आलो.