दुमड बाहेरच्या बाजूला

आमच्या ताईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि त्या चाळीस वर्षांत तिनं कुणाचं ऐकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तिचा धाकटा भाऊ. म्हणजे ज्याचं सगळ्यात कमी ऐकलं जातं तो माणूस.

गेल्या हिवाळ्यात ती मागच्या दाराच्या पायरीवरून पडली. मनगट मोडलं. मी म्हटलं, "आता पुरे. माझ्याकडे राहायला ये. खोली रंगवून ठेवलीय."

"ज्या दिवशी मला माझी बाग सांभाळता येणार नाही, त्या दिवशी येईन," ती म्हणाली.

बाग कसली, परसातले चार वाफे. पालक, गाजर, कोबी, घेवडा. पण तिच्या तोंडून शब्द गेला होता आणि मी तो धरून ठेवला.

सशांनी माझं काम सोपं केलं. आठवड्याभरात पालक साफ, घेवड्याचे कोंब साफ. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं.

"मग? सामान कधी बांधायचं?"

"जाळी कधी आणतोस ते सांग."

आणली. न आणून करतो काय. तिनं मापपट्टी काढली, खुंट्या ठोकल्या, बारीक भोकांची जाळी कमरेइतकी ताणली. खाली वीतभर उरली ती आत दुमडून मातीत दाबली. बाहेरून दुमड कुठं दिसत नव्हती. घेवडा पुन्हा पेरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्धा कोबी गायब. ससा जाळीच्या बुडाशी उकरून, दुमडीखालून आत शिरला होता.

"झालं समाधान?" मी म्हणालो. "सशांशी भांडायचं वय आहे का तुझं?"

ती त्या भोकाशी उकिडवी बसली होती. "जाळीला नाक लागलं की हा तिथंच उकरतो," ती म्हणाली. "आणि मी दुमड घातली आत. मेली हाताची सवय. कपड्यात लोकांना दिसू नये म्हणून आत. सशाला काय पडलंय दिसण्याचं?"

मग तिनं चारही बाजू उसवल्या. दुखऱ्या मनगटानं, पक्कड घेऊन. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "तू बस." दुमड बाहेर काढून जमिनीवर पसरली, तारेच्या आकड्यांनी खिळवली, वर दगड ठेवले. "असलं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलं असतं तर मीच दुकान बंद केलं असतं," असंही वर म्हणाली.

दोन महिन्यांनी तिनं मला बोलावलं. ती आत घेवडा तोडत होती. बाहेर एक ससा उकरत होता, पंजाला तार लागली की थांबत होता, पुन्हा उकरत होता. ताईनं भरलेली टोपली जाळीवरून माझ्या हातात दिली.

"खोलीचं काय करू मग?" मी विचारलं. ती रिकामी खोली मला बघवत नव्हती. ताई एकटी पडून राहिली तर, या विचारानं झोप लागत नव्हती. हे तिला कधी सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगून टाकलं.

ताई म्हणाली, "मग असं बोलायचं ना, शहाण्या. बिचारी म्हणून न्यायला निघाला होतास. पाहुणी म्हणून बोलाव, येते चार दिवस. पाचव्या दिवशी परत."

"आणि परत पडलीस तर?"

"पायरीला कठडा बसव. रविवारी ये." तिनं पुढची शेंग तोडली. "माप मी घेणार."

रविवारी गेलो. माप तिनंच घेतलं.