मेसमधले सगळेच ‘हो’

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर दिलेल्या पहिल्या मुलाखतीत मला एकच प्रश्न अडला आणि तो पदार्थविज्ञानाचा नव्हता. नांदेडच्या आमच्या घरात, पंख्याची घरघर लॅपटॉपच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून पंखा बंद करून, मी घामाघूम होऊन बसले होते. पडद्यावरच्या गृहस्थांनी प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारले. ते मी एम.एस्सी. करतानाच शिकले होते, त्यामुळे उत्तरे बरी गेली. मग त्यांनी विचारले, “आयटीत तुम्हाला नेमकं काय करायला आवडेल?”

“काहीही,” मी उत्साहाने म्हणाले.

“काहीही या पदावर सध्या आमच्याकडे भरती नाही,” ते म्हणाले. ते हसले असते तर इतके लागले नसते.

पप्पा स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून ऐकत होते. पप्पा रेल्वेत आहेत. आमच्या घरातून सरकारी नोकरीत गेलेले ते पहिले. त्या नोकरीच्या बळावर त्यांनी भावांना शिकवले, आत्याचे लग्न केले, घर बांधले. त्यामुळे नोकरीची त्यांची व्याख्या पक्की आहे: ती एका शब्दात सांगता आली पाहिजे आणि निवृत्तीपर्यंत तो शब्द टिकला पाहिजे.

“तलाठी म्हटलं की समजतंय, स्टेशनमास्तर म्हटलं की समजतंय,” ते म्हणाले. “तुला जे व्हायचंय त्याला म्हणायचं काय, तेवढं तरी सांग.”

मला सांगता आले नाही. मग आमच्यात तह झाला. दिवाळीपर्यंत मी आयटीत नोकरी मिळवायची. नाही मिळाली तर निमूटपणे बँकेच्या परीक्षांच्या क्लासला बसायचे. क्लास पप्पांनी शोधूनही ठेवला होता. तिथे आधीच जाणाऱ्या मैत्रिणीने “ये गं, तुझ्यासाठी पंख्याखालची जागा धरून ठेवलीय” असे कळवून माझा निर्धार आणखी पक्का केला.

मी जाहिराती वाचायला घेतल्या. डेव्हलपर, टेस्टर, डेटा ॲनालिस्ट, सपोर्ट इंजिनिअर, बिझनेस ॲनालिस्ट. प्रत्येक जाहिरातीला उमेदवार उत्साही, मेहनती आणि दडपणाखाली काम करणारा हवा होता. म्हणजे पदांमधला फरक सोडून बाकी सर्व काही त्यांत लिहिलेले होते. शेजारच्या दादाने विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केले होते. त्याला विचारले तर तो म्हणाला, “पगार बघ, बाकी सगळं आपोआप आवडायला लागतं.” हे मत मी नोंदवून घेतले, पण पुरावा म्हणून ग्राह्य धरले नाही. उपकरणाचे वर्णन वाचून प्रयोग होत नसतो. मला प्रयोगशाळा हवी होती.

ती लातूरला मिळाली, आणि तिथे दोन्ही वेळा वरणाला फोडणी बसत होती.

माझी आत्या लातूरला मुलींची मेस चालवते. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी गावोगावहून आलेल्या मुली तिच्याकडे जेवतात आणि तिला काकू म्हणतात. एका सकाळी फोनवर ती वैतागून सांगत होती की, संध्याकाळी कधी भाकऱ्यांचा ढीग उरतो, तर कधी शेवटच्या मुलींसाठी पुन्हा तवा ठेवावा लागतो. किती जणी येणार हे तिला आधी कळतच नाही.

“आत्या, मी तुला त्यासाठी ॲप करून देते,” मी म्हणाले.

“तुझं ॲप भाकरी थापतंय का?”

“नाही.”

“मग काय कामाचं? बरं, ये. यायचंच हाय तर दोन हात तरी वाढतील.”

मी एस.टी.ने लातूरला गेले. योजना सरळ होती. एका छोट्या सॉफ्टवेअरसाठी जितक्या प्रकारची कामे लागतील तितकी सगळी मी एकटीने करायची आणि कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही, याकडे लक्ष ठेवायचे.

आधी मी डेव्हलपर झाले. मुलींच्या मोबाइलवर दुपारी एक प्रश्न जाईल, ‘संध्याकाळी जेवणार का?’ आणि खाली दोन बटणे, ‘हो’ आणि ‘नाही’. ते लिहिताना मजा आली. पण ॲप चालू लागल्यावर माझा त्यात फारसा जीव राहिला नाही, हेही खरे. मग टेस्टर झाले. स्वतःचीच निर्मिती मोडायला बसले: एकीने दोनदा बटण दाबले तर, मधेच नेट गेले तर, वेळ संपतासंपता उत्तर आले तर. या कामात एक खट्याळ आनंद आहे. घरात ज्यांना “सारख्या चुका काढतेस” म्हणून बोलणी बसतात, त्यांनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा.

सपोर्ट इंजिनिअरची जागा मात्र आत्यानेच मला दिली.

“अगं ए, तुझं ते ॲप मेलं!”

मी पिठाचे हात धुऊन धावत गेले. “आत्या, मोबाइलची बॅटरी संपलीय.”

“म्हणजे ॲपनं खाल्ली ना? पहिले तर दिवसभर पुरत होती.”

“तू सकाळपासून कीर्तनाचे व्हिडिओ बघायलीस.”

“कीर्तनानं बॅटरी संपती व्हय? काहीच्या काही बोलू नको.”

सपोर्ट हे पद मी मनातल्या मनात मागे टाकले. त्यासाठी लागणारी शांती माझ्या स्वभावात नाही.

आठवडाभरात ॲप सगळ्या मुलींच्या मोबाइलवर गेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ‘हो’ दाबले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही एकही ‘नाही’ आले नाही, आणि भाकऱ्यांचा ढीग मात्र पूर्वीइतकाच उरला.

“तुझं ॲप माझ्यावाणीच अंदाज करायलंय की,” आत्या टोपल्याकडे बोट दाखवून म्हणाली. “फरक एवढाच, मला चार्जिंग लागत न्हाई.”

मी कोड ओळीओळीने तपासला. चूक सापडेना. ‘नाही’चे बटण माझ्या मोबाइलवरून दाबून पाहिले, व्यवस्थित नोंद होत होती. आमच्या प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या; एखाद्याच्या आलेखावरचे सगळे बिंदू अचूक एका रेषेत आले की त्या वही परत करत. “निसर्ग एवढा आज्ञाधारक नसतो,” असे त्यांचे म्हणणे. उरलेल्या भाकऱ्यांसमोर मला त्या आठवल्या. इतक्या तरुण मुली, परीक्षेचा ताण, बाहेर गल्लीच्या तोंडाशी पाणीपुरीची गाडी, आणि तरीही रोज संध्याकाळी सगळ्यांना घरचे जेवण हवे आहे? बिघाड यंत्रात नव्हता. बटण दाबणाऱ्याच खरे सांगत नव्हत्या.

तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि वाढायला उभी राहण्याऐवजी मुलींच्या पंगतीत ताट घेऊन बसले. आत्या आत तव्यापाशी होती.

“ॲप कसं वाटतंय?” मी विचारले.

“छान आहे ताई.” “मस्त आहे.” “एकदम सोपं आहे.”

“मग ‘नाही’ कुणीच का दाबत नाही?”

पंगत एकदम वरणात बुडाली. कुणी वर बघेना. अखेर इस्लापूरकडून आलेली एक मुलगी स्वयंपाकघराकडे नजर टाकून हळूच म्हणाली, “ताई, ‘नाही’ म्हटलं की काकू घरी फोन लावतात.”

“कशाला?”

“पोरगी जेवली नाही म्हणून. मागं मी एकदा सांगितलं, आज जेवत नाही. मला नुसती पाणीपुरी खायची होती. काकूंनी घरी कळवलं. सकाळी बघते तर पप्पा दारात! सोबत मामा, कारण मामा दवाखान्यात कंपाउंडर आहेत. त्यांनी येताना सलाईनची बाटली आणली होती.”

“लावली का?” दुसरीने विचारले, जणू तिला ठाऊकच नव्हते.

“लावणारच होते! मी पळून क्लासला गेले.”

पंगतीत असा हशा उसळला की आत्या उलथणे घेऊन बाहेर आली. मुली पुन्हा वरणाकडे वळल्या.

मला मात्र त्या क्षणी जेवण सुचेना, इतका आनंद झाला होता. कोड लिहिताना, तो मोडताना मला असे झाले नव्हते. समोर एक कोडे होते आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्रात नव्हते; ते एका बाजूला आत्याच्या मनात आणि दुसऱ्या बाजूला मुलींच्या भीतीत अर्धे अर्धे पडलेले होते. कुणीतरी मधे बसून दोन्ही अर्धी जोडायला हवी होती. जाहिरातींत बिझनेस ॲनालिस्ट या नावाखाली जे धूसर काहीतरी छापलेले असते, ते हेच असावे असे मला प्रथमच वाटले.

आत्याशी बोलणे मात्र सोपे नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले आणि परात जोरात आपटली.

“फोन मी लावणारच. त्यांच्या मायबापाला मी शब्द दिलाय. परक्या गावात लेकरू उपाशी झोपलं तर जबाबदार कोण? तुझं ॲप?”

“पण आत्या, आता त्या उपाशी नसतानाही तुला कळत नाही आणि असतानाही कळत नाही. ‘हो’ दाबून बाहेरच जातात ना?”

हा मुद्दा तिला लागला, कारण त्यात तिच्या शब्दाचाच भंग होत होता. मग आमची घासाघीस सुरू झाली. ती पंगतीशी बोलायला तयार नव्हती आणि मुली तिच्यासमोर बोलायला. निरोप घेऊन मीच स्वयंपाकघर आणि ओसरी यांमध्ये ये-जा करत राहिले. शेवटी ठरले ते असे: दोनऐवजी तीन बटणे. ‘जेवणार’, ‘बाहेर खाणार’ आणि ‘बरं वाटत नाही’. बाहेर खाणारीच्या घरी फोन जाणार नाही. लागोपाठ बाहेर खाऊ लागली तर आत्या आधी तिलाच विचारील. बरे नसणारीला मऊ भात, आणि घरी कळवायचे ते तिच्यासमोर बसून.

“अन् सलाईनवाल्या मामाला न्हाई कळवायचं,” आत्या गंभीरपणे म्हणाली. म्हणजे तिने आतून सगळे ऐकले होते.

दुसऱ्या संध्याकाळी खरी उत्तरे आली. ‘बाहेर खाणार’ इतक्या जणींनी दाबले होते की आत्याचा चेहरा पडला. उरलेल्या भाकऱ्यांपेक्षा हे तिला जड गेले.

“माझ्या हातचं एवढं नकोसं झालंय का गं पोरींना?”

उत्तर मी नोंदींतच शोधायचे ठरवले. थोडे दिवस नोंदी जमू दिल्या, मग तिला दाखवल्या. ज्या दिवशी कारले, त्या दिवशी पळापळ. ज्या दिवशी पिठले आणि शेंगदाण्याची चटणी, त्या दिवशी जवळजवळ सगळ्या हजर.

“कारलं व्हय!” तिचा जीव भांड्यात पडला. “ते तर मी माझ्यासाठी करत होते. मला आवडतं.”

तेव्हापासून कारले तिच्या एकटीसाठी होते, आणि टोपल्यात भाकऱ्या उरतात त्या मोजक्या.

दिवाळी जवळ आली तशी मी पुन्हा अर्ज केले. पण आता सगळीकडे नाही. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीची मुलाखत मिळाली. जागा प्रोग्रामरची होती. प्रश्न सोडवून झाल्यावर समोरच्या बाईंनी अर्जावरून नजर उचलून विचारले, “कोड चांगला लिहिता. मग अर्जात आवडीचं काम म्हणून बिझनेस ॲनालिस्ट का लिहिलंय?”

‘चुकून लिहिलंय’ म्हणून प्रोग्रामरची जागा घेता आली असती आणि क्लासही टळला असता. क्षणभर तो हिशेब मी केला. मग त्यांना मेस सांगितली: सगळेच ‘हो’, पाणीपुरी, सलाईन, तिसरे बटण.

त्या बराच वेळ हसल्या. मग विचारले, “पण आत्या ऐकल्या कशा?”

“शब्द त्यांचाच होता. तो पाळायला ॲप मदत करील, एवढंच मी दाखवलं.”

आठवड्याने त्यांचा फोन आला. त्यांना प्रोग्रामर हवाच होता, तो त्यांनी दुसरा घेतला. मला शिकाऊ ॲनालिस्ट म्हणून घेतले. काम नांदेड आणि लातूरच्या रुग्णालयांत जाऊन डॉक्टर, सिस्टर, नोंदणी खिडकीवरचे लोक यांना काय हवे ते समजून घेणे आणि प्रोग्रामरांना समजावणे.

पप्पांनी नेमणुकीचे पत्र दोनदा वाचले. सरकारी नाही, यावर त्यांनी एक सुस्कारा टाकला. जागा नांदेडची, यावर दुसरा, आणि तो समाधानाचा होता. मग मोबाइल घेऊन त्यांनी त्या क्लासला फोन लावला.

“जय भीम सर. पोरीची जागा दुसऱ्याला द्या. हो, लागली. न्हाई, बँकेत न्हाई, कंपनीत. काम काय?” ते माझ्याकडे बघून थोडे अडखळले. “लोकांचं नीट ऐकून घ्यायचं काम हाय.”

पलीकडून काहीतरी विचारले गेले.

“हो हो, सर,” पप्पा ठामपणे म्हणाले, “त्याचाच पगार देतात.”