सबवूफरवरचा तळहात

आमचे काका तीस वर्षं घरोघरी स्पीकर जोडत आले. त्यांची शिस्त कडक. आधी सगळे प्लग काढायचे, मग सबवूफरची वायर ॲम्प्लिफायरला लावायची, दोन्हीकडचा आवाज शून्यावर आणायचा आणि वीज अगदी शेवटी चालू करायची. चालू मशिनमध्ये वायर खुपसणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "एका दणक्यात स्पीकर जातो," म्हणायचे, "मग बसा बोंबलत."

हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. कान दाखवून या म्हटलं की अंगावर येतात. गिऱ्हाइकांना तर पत्ताच लागू देत नाहीत. सबवूफरवर तळहात ठेवतात आणि हाताला थरथर जाणवेल तसा आवाज वाढवत नेतात. परवा मी सोबत होतो. गिऱ्हाईक बाई समोर येऊन म्हणाल्या, "सारखी घरघर येतेय हो." काकांनी हात ठेवला, मान हलवली, पुन्हा सगळं बंद केलं आणि वायरची सैल पिन घट्ट बसवली. घरघर थांबली. बाई खूश झाल्या.

त्याच दिवशी घरी जेवताना काकूचं तोंड हललं. काका लगेच म्हणाले, "हो, उद्या आणतो."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी काही बोललेच नाही रे. जांभई दिली."

काकांनी तिच्याकडे बघून पुन्हा मान हलवली. "म्हटलं ना, आणतो."