जंबेरीचं पिंप

आज टोपलीतलं सडकं लिंबू बोटाला बुळबुळीत लागलं आणि काटोल रोडवरची आमची जुनी नर्सरी नाकात शिरली. संत्र्याचं कलम ज्या रोपावर बांधतात, त्या जंबेरी लिंबाचं बी पेरायचे दिवस होते. सासूबाई पिंपात कोपरापर्यंत हात घालून बी काढायला कुजकी जंबेरी पिळत होत्या. वर अळ्या वळवळत होत्या. बी राखेत चोळून झाल्यावर त्यांनी हात धुतले, भाकरी मोडली आणि अर्धी मला दिली.

"खाऊन घे वं. उद्या तुलेच हात घालायचा हाये."

मी नवी सून. ती भाकरी त्यांच्यासमोरच कुत्र्याला टाकली.

 त्यानंतर त्यांनी पिंपात मला कधीच हात घालू दिला नाही. जेवायच्या माझ्याकडे पाठ करून. त्या वासाने आजही ओकारी येते, पण डोळ्यांपुढे अळ्या नसतात, भाकरी खाणारं ते कुत्रं असतं.