गोणपाटाआडचा वारा

गुणाबाई लग्न होऊन निपाणीत आली आणि थोड्याच दिवसांत तंबाखूच्या वखारीत चाळणी धरून बसली. नवरा परशराम बैलगाडी हाकायचा. त्याच्या एकट्यावर घर चालत नव्हतं.

वारा लागला की चाळलेली तंबाखू उडते, म्हणून वखारीच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. आत दिवसभर भुकटी तरंगायची. नव्या बायका शिंकून, ओकून बेजार व्हायच्या. जुन्या म्हणायच्या, "हुतीया सवय." गुणाबाईलाही झाली. मुलगी झाली, मनू. तिची झोळी तिथंच खांबाला टांगली. पोर रडता रडता गुंगून पडायची. गुणाबाईला वाटायचं, शहाणं लेकरू आहे माझं.

चालू लागली तशी मनू धापा टाकू लागली. परशरामनं दोघींना बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिला मोकळी हवा हवी. त्या धुळीत नेऊ नका."

"मग ठेवू कुणापाशी, सायेब?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढं सरकवली.

तिनं पोर सासूपाशी ठेवून पाहिली. घराला खिडकी नव्हती, चुलीतल्या शेणींचा धूर आढ्यापर्यंत कोंडायचा. खोकला वाढला. सासू म्हणाली, "मला न्हाय बघवत. तुझी तू ने."

पुन्हा वखार. एका दुपारी मनूचे ओठ निळे पडले. गुणाबाई उठली आणि खिडकीचं गोणपाट तिनं ओरबाडून काढलं. भरारा वारा आत आला. पोरीनं श्वास ओढला, रंग परतला. पण तंबाखूचा लोट उठला, अर्धा ढीग मातीत गेला. मुकादमानं सगळ्याच बायकांना त्या दिवसाची मजुरी न देता घरी हाकललं.

दुसऱ्या दिवशी गोणपाट परत ठोकलं ते शेजारच्या अंबुबाईनं. गुणाबाईकडं न बघताच म्हणाली, "आमचीबी प्वारं हैत गं, गुणे."

 गुणाबाईनं झोळी दाराजवळ नेली. पोत्यांच्या वाटेत येते म्हणून मुकादमानं ती परत आत ढकलली.

त्या पावसाळ्यात मनू गेली. गुणाबाई महिनाभर घरात पडून राहिली. मग परशराम म्हणाला, "जातीस का?" ती उठली आणि वखारीत गेली.

पुढं तिचीही छाती भरली. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायची. कुणी म्हणालं, सोड की ती वखार, तर धाप आवरत एवढंच विचारायची, "सोडून जाऊ कुठं?"

 सकाळी भोंगा झाला की ती पदर नाकाला गुंडाळून निघायची.